मूळव्याध: गोळी, बँड की ऑपरेशन? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक निरोपांची सुरुवात "जरा खाजगी विचारायचं होतं" अशी असते आणि शेवट "लेझर करून टाकू का?" असा. मधली पायरी, म्हणजे कुणाकडून तरी नीट तपासून घेणं, बहुतेकांनी गाळलेली असते. प्रश्न त्या क्रमाने लावले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मूळव्याध म्हणजे नेमकं काय होतं?

गुदमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. त्याच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात आणि त्या प्रत्येकाला जन्मापासून असतात. वायू आणि पातळ शौच रोखून धरायला त्यांची मदत होते. या गाद्यांना जागच्या जागी धरणारे धागे सैल पडले, गाद्या फुगल्या आणि खाली घसरल्या, की रक्त पडतं किंवा कोंब बाहेर येतो. मुख्य गाद्या तीन. रुग्णाला उताणं झोपवून घड्याळाची तबकडी कल्पिली तर त्या ३, ७ आणि ११ वाजण्याच्या जागी येतात. कागदावर "३, ७, ११ ओक्लॉक" लिहिलेलं असतं ते एवढंच सांगतं. तीन वेगळे आजार झालेत असं समजून घाबरू नका.

गुदमार्गात डेंटेट लाइन नावाची एक सीमारेषा आहे. तिच्या वरच्या अस्तराला चिमटा घेतला तरी दुखत नाही, खालची कातडी मात्र अतिशय हळवी. आतली मूळव्याध या रेषेच्या वर, बाहेरची खाली. पुढची निम्मी उत्तरं या रेषेवर उभी आहेत.

२. संडासला रक्त पडतं, दुखत नाही. म्हणजे मूळव्याधच ना?

शक्यता तीच जास्त, खात्री मात्र तपासल्यावरच. आतल्या मूळव्याधीचं रक्त लालभडक असतं, शौच झाल्यावर थेंबथेंब गळतं, कधी भांड्यात पिचकारीसारखं उडतं. शौचात कालवलेलं, काळपट किंवा शेंबडासारख्या आवेबरोबर पडणारं रक्त आणखी वरून येत असू शकतं. डांबरासारखा काळा, चिकट शौच म्हणजे जठराकडचा रक्तस्राव असू शकतो. लोहाच्या गोळ्या चालू असतील तरी रंग काळा होतो, म्हणून ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.

वय ४५ च्या पुढे, शौचाची सवय अलीकडे बदललेली, वजन उतरलेलं, हिमोग्लोबिन कमी, किंवा घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग: यांतलं एकही लागू असेल तर मूळव्याध दिसत असली तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करून घ्यावी. मूळव्याधीचा पुढे कर्करोग होत नाही. पण कर्करोगाचं रक्त मूळव्याधीच्या नावावर खपवून माणसं महिनोन्महिने मलम लावत बसतात, आणि भीती त्याची आहे.

३. मला तर प्रचंड दुखतं. काचेने चिरल्यासारखं होतं, नंतर तासभर आग. मूळव्याध फार वाढली का?

हे वर्णन फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं. जुन्या चिरेच्या टोकाला कातडीचा छोटा कोंब येतो, तो हाताला लागतो आणि लोक त्यालाच मूळव्याध म्हणतात. फिशरचे उपचार वेगळे. तिथे आवळलेला स्नायू सैल करायचा असतो, त्यासाठी डिल्टियाझेमचं मलम देतात आणि ते पुरलं नाही तर छोटी शस्त्रक्रिया. फिशरवर मूळव्याधीचं ऑपरेशन झालं तर दुखणं तसंच राहतं आणि वर जखम मिळते.

अचानक आलेली निळसर, टणक, दुखरी गोळी असेल तर प्रश्न १९ पाहा. ठणका, ताप आणि सूज असेल तर गळू असण्याची शक्यता आहे. त्याच दिवशी सर्जनकडे जा. शेजारच्या छिद्रातून अधूनमधून पू येत असेल तर भगंदर.

४. तपासणीत काय करतात? लाज वाटते म्हणून दोन वर्षं टाळतेय.

पाच मिनिटांचं काम असतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात आणि अंगावर चादर टाकतात. डॉक्टर आधी नुसतं बघतात. मग जेली लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने आतून चाचपतात. मग प्रॉक्टोस्कोप, म्हणजे अंगठ्याएवढी जाड, आखूड नळी. ती आत सरकवून मधला दांडा काढून घेतात, उजेड धरतात आणि "जरा कुंथा" म्हणतात. नळी हळूहळू मागे घेताना कोंब तिच्या तोंडात उतरतो आणि त्याची जागा, आकार, रक्त येतंय का, सगळं दिसतं. चीर ताजी आणि फार दुखरी असेल तर नळी त्या दिवशी घालतच नाहीत.

स्त्री-सर्जन हव्या असतील तर अपॉइंटमेंट घेताना तसं विचारा, त्यात संकोचण्यासारखं काही नाही. पुरुष डॉक्टर असतील तेव्हा नर्सबाई खोलीत हव्यात, हा तुमचा हक्क आहे. सोनोग्राफीत मूळव्याध कळत नाही. "फोटो पाठवतो, सांगा" असंही अनेक जण विचारतात. फोटोत फक्त बाहेरचं दिसतं आणि उपचार बहुतेक वेळा आतल्याचे असतात.

५. कागदावर "ग्रेड टू" लिहिलंय. म्हणजे किती वाईट?

ग्रेड आतल्या मूळव्याधीचे असतात. पहिल्यात फक्त रक्त, कोंब बाहेर नाही. दुसऱ्यात कुंथताना कोंब बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसऱ्यात बोटाने ढकलावा लागतो. चौथ्यात ढकलूनही आत राहत नाही. म्हणजे ग्रेड ठरवायला निम्मी माहिती तुमच्याकडूनच लागते, ती स्पष्ट सांगा. "खाली काहीतरी होतं" एवढ्यावर डॉक्टर काय ठरवणार?

ग्रेड त्रासाचं माप नव्हे. पहिल्या ग्रेडमध्येही रक्त जाऊन हिमोग्लोबिन ६ वर आलेली माणसं असतात आणि तिसऱ्या ग्रेडची माणसं वर्षानुवर्षं कामधंदा करत राहतात. उपचार ग्रेड आणि त्रास दोन्ही बघून ठरतो.

६. ऑपरेशनशिवाय बरी होते का?

पहिल्या-दुसऱ्या ग्रेडच्या बहुतेकांचा त्रास आटोक्यात येतो. सैल झालेले धागे परत घट्ट होत नाहीत, पण रक्त थांबतं, कोंब त्रास देत नाही, आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. सगळा खेळ शौच मऊ ठेवण्याचा आणि कुंथणं बंद करण्याचा आहे. चोथा वाढवल्याने रक्त पडण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, असं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. इतका स्वस्त आणि इतका दुर्लक्षित उपचार दुसरा नसेल.

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. मैद्याचा पाव-बिस्किटं कमी आणि ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मुगाची किंवा मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू, भिजवलेले अंजीर असं ताट असेल तर ते जमतं. फक्त आहारावर निभत नसेल तर इसबगोल.

दुसरी गोष्ट संडासातली. आत ५ मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही. मोबाइल बाहेर ठेवून जा. आमच्या अनुभवात या एका सूचनेवर लोक जितके वाद घालतात तितके ऑपरेशनवरही घालत नाहीत. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटा पाट घ्या. कळ आली की जा, आली नाही तर उठा.

७. इसबगोल घेतलं, उलट पोट जास्त गच्च झालं. बंद करू?

पाणी कमी पडलं असेल. एक-दोन चमचे इसबगोल मोठा पेला भरून पाण्यात ढवळायचं आणि फुगायच्या आत लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकू नये, घशात अडकतं. पहिल्या आठवड्यात वायू आणि फुगारा होतो, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरू करा. इतर गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा. तरीही जमलं नाही तर शौच मऊ करणारं लॅक्ट्युलोज किंवा मॅक्रोगोल आहे. सनायची चूर्णं आणि "सकाळी पोट साफ" वाल्या पुड्या रोजच्या सवयीच्या करू नयेत.

८. गोळ्या आणि मलमांपैकी खरंच कामाचं काय?

डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या गोळ्या रक्तस्राव आणि सूज कमी करायला मदत करतात, विशेषतः त्रास उफाळलेला असताना. कोंब कायमचा घालवत नाहीत. रक्त जास्त असेल तर डॉक्टर काही दिवस ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड देतात. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेलेल्यांनी ते मनाने घेऊ नये.

मलमांत बहुधा भूल देणारं लिडोकेन असतं, काहींत स्टेरॉइडही असतं. आराम पडतो, पण तात्पुरता. स्टेरॉइडवालं मलम आठवड्याच्या पुढे सलग लावू नका, कातडी पातळ होते आणि मग जी खाज सुटते तिला परत मूळव्याध समजून तेच मलम लावलं जातं. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब दोन महिने पुरवणारे खूप भेटतात.

९. कोमट पाण्यात बसताना त्यात डेटॉल की पोटॅशचे खडे?

काहीच नको. नुसतं कोमट पाणी, १० ते १५ मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा आणि शौचानंतर एकदा नक्की. जंतुनाशकाने कातडी भाजते. टब नसेल तर पसरट घमेलं चालतं. कमोडवर बसणारं प्लॅस्टिकचं भांडं मेडिकलमध्ये मिळतं, गुडघे दुखणाऱ्यांना ते सोयीचं. नंतर टिपून कोरडं करा, घासू नका.

१०. गावाकडे सुरण, ताक सांगतात. एकाने बिब्बा लावायला सांगितलाय. करू का?

सुरण आणि ताक खुशाल घ्या. संस्कृतात मूळव्याधीला अर्श आणि सुरणाला अर्शोघ्न म्हणतात आणि चरकसंहितेत अर्शाच्या उपचारात ताकाला मोठा मान आहे. सुरणात चोथा आहे, ताकाने पातळ पदार्थ पोटात जातो, आणि दोन्हींनी नुकसान काही नाही. सुरण चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवा, नाहीतर घसा खवखवेल.

बिब्बा मात्र लावू नका. त्याच्या तेलाने साध्या कातडीवरही फोड येतात, गुदद्वाराच्या कातडीवर तर जखमा होतात. तुरटी, चुना, टर्पेंटाइन लावणारेही आहेत. आग होऊन कोंब "जळतो" असं वाटतं, पण जळते ती भोवतालची कातडी.

११. तिखट कायमचं सोडावं लागेल का?

तिखटाने मूळव्याध होते याला चांगला पुरावा नाही. चीर असताना किंवा ताजी जखम असताना मात्र तिखट झोंबतं. ऑपरेशन झालेल्यांवर नागपुरात झालेल्या चाचणीत मिरची खाणाऱ्यांना दुखणं आणि आग जास्त झाली होती. त्यामुळे जखम भरेपर्यंत ठेचा बाजूला ठेवा. नंतर तुमच्या पोटाला काय सोसतं ते तुम्हालाच कळेल.

१२. रबर बँड म्हणजे काय? भूल लागते का?

दुसऱ्या ग्रेडसाठी आणि तिसऱ्याच्या बऱ्याच रुग्णांसाठी हा पहिला पर्याय असायला हवा, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बॅरन यांनी ही पद्धत दवाखान्यातल्या दवाखान्यात करण्याजोगी केली. प्रॉक्टोस्कोपमधून कोंबाचा वरचा भाग खेचून त्याच्या मुळाशी घट्ट रबरी कडी सोडतात. रक्तपुरवठा तुटतो, ५ ते १० दिवसांत कोंब सुकून गळून पडतो, आणि उरलेल्या व्रणाने वरची गादी जागेवर चिकटते. कडी डेंटेट लाइनच्या बरीच वर बसते म्हणून भूल लागत नाही. दिवसभर जड-जड वाटतं, संडासची खोटी कळ येते. कुंथू नका. बसवल्या-बसवल्या चमकून दुखलं तर लगेच सांगा, कडी खाली बसली आहे आणि ती तिथेच कापून काढता येते.

कोंब गळताना थोडं रक्त दिसतं. ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी अडणं ही तिन्ही एकत्र आली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. क्वचित होणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या जंतुसंसर्गाची ती खूण आहे.

एका बैठकीत काम होईलच असं नाही. ब्रिटनमधल्या २०१६ च्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरात एका बँडिंगनंतर ४९ टक्क्यांना त्रास परत झाला, तर रक्तवाहिनी बांधण्याच्या ऑपरेशननंतर (प्रश्न १५) ३० टक्क्यांना. गरज पडली तेव्हा बँडिंग पुन्हा करणं हिशेबात धरलं तेव्हा फरक जवळपास मिटला. म्हणून "बँड केलं, फेल गेलं" म्हणण्याआधी दुसरी बैठक झाली होती का ते बघावं.

१३. "बिना ऑपरेशन, एका इंजेक्शनात मूळव्याध गायब" असा बोर्ड आहे. विश्वास ठेवू?

इंजेक्शनचा उपचार खरा आहे, त्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. बदामाच्या तेलातलं ५ टक्के फिनॉल किंवा पॉलिडोकॅनॉल कोंबाच्या वरच्या भागात टोचतात. पहिल्या ग्रेडच्या रक्तस्रावाला ते चांगलं. इन्फ्रारेडचा शेकही त्याच जातीचा. दोन्हींचा परिणाम बँडपेक्षा कमी टिकतो.

प्रश्न बोर्डवाल्याचा आहे. स्टँडच्या मागच्या गल्लीत एका खोलीत बसणारे, पदवी न लिहिणारे लोक कोणतं रसायन टोचतात हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यातून अस्तर सडणं, गुदमार्ग आक्रसून जाणं, पू होणं हे सगळं सरकारी इस्पितळांच्या सर्जरी वॉर्डात पाहायला मिळतं. नोंदणी क्रमांक विचारा, कोणतं औषध टोचणार त्याचं नाव लिहून मागा. एवढ्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठून या.

१४. ऑपरेशन नक्की कधी लागतं?

चौथा ग्रेड, औषधं आणि बँड करूनही त्रास देणारा तिसरा ग्रेड, आतली-बाहेरची एकत्र मोठी मूळव्याध, किंवा हिमोग्लोबिन उतरवणारा रक्तस्राव. कोंब बाहेर अडकून काळानिळा पडला तर तातडीने. नुसता कोंब दिसतो आणि त्रास काहीच नाही, तर कोणताही ग्रेड असो, कापायची घाई नको. आज तपासलं आणि आजच अ‍ॅडमिट व्हा असं आग्रहाने सांगत असतील, आणि रक्त धो-धो वाहत नसेल, तर दुसरं मत घ्यायला वेळ आहे.

१५. कापायचं ऑपरेशन, स्टेपलर, डॉप्लर, लेझर. यांतलं कोणतं घेऊ?

जुनं कापायचं ऑपरेशन लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातल्या मिलिगन आणि मॉर्गन यांनी १९३७ मध्ये मांडलं. कोंब कापून मूळ बांधतात आणि जखम उघडीच भरू देतात. फर्ग्युसनच्या पद्धतीत ती शिवतात. दुखतं सगळ्यांत जास्त, परत होण्याचं प्रमाण सगळ्यांत कमी.

स्टेपलर १९९८ मध्ये इटलीच्या अँटोनियो लोंगो यांनी पुढे आणला. यात कोंब कापत नाहीत. डेंटेट लाइनच्या वरच्या अस्तराची गोल पट्टी काढून पिना मारतात, म्हणजे खाली घसरलेल्या गाद्या वर ओढल्या जातात. सुरुवातीचं दुखणं कमी, कामावर लवकर परत जाता येतं. पण बाहेरचे कोंब तसेच राहतात, काहींना सतत घाईची कळ येते, आणि क्वचित आतड्याला छिद्र पडण्यासारख्या गंभीर गोष्टी होतात. ब्रिटनमध्ये ७७७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ मध्ये छापलेल्या तुलनेत दोन वर्षांनी जुन्या ऑपरेशनवाल्यांची स्थिती अधिक चांगली निघाली. पिना मारणारी स्टेपलरची बंदूक एकदाच वापरायची असते, त्यामुळे बिल फुगतं.

डॉप्लरच्या आवाजाने रक्तवाहिनी शोधून ती बांधायची पद्धत १९९५ मध्ये जपानच्या मोरिनागा यांनी आणली. दुखणं कमी, दुसऱ्या-तिसऱ्या ग्रेडला ठीक, मोठ्या कोंबांना अपुरी.

आमचा कल विचाराल तर: मोठे, बाहेर राहणारे कोंब असतील तर जुनं ऑपरेशन, सवय असलेल्या हाताने. मधल्या ग्रेडला आधी बँड. बाकीची यंत्रं त्या दोन्हींच्या मधल्या जागेसाठी.

१६. लेझरने दुखत नाही आणि परत होत नाही, असं जाहिरातीत आहे. खरं किती?

दुखणं कमी, हे बऱ्याच अंशी खरं. परत होत नाही, हे खरं नाही. लेझरमध्ये सुईसारखा तंतू कोंबात घालून आतून शेक देतात, कोंब हळूहळू आक्रसतो. दुसऱ्या आणि मर्यादित तिसऱ्या ग्रेडला उपयोग होतो. कापण्याच्या तुलनेत पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण जास्त आहे, आणि चौथ्या ग्रेडला लेझर विकणाऱ्याला कारण विचारायलाच हवं.

आणखी एक घोळ. काही ठिकाणी नेहमीसारखा कोंब कापतात, फक्त सुरीऐवजी लेझरने, आणि त्यालाही "लेझर" म्हणतात. मग जखम आणि दुखणं कापल्याइतकंच. म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी एक वाक्य विचारा: "कोंब कापणार की आतून शेकणार?"

१७. आयुर्वेदातलं क्षारसूत्र करावं का?

सुश्रुताने अर्शाचे चार उपाय सांगितले: औषध, क्षार, अग्नी आणि शस्त्र. क्षारसूत्र म्हणजे निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थर दिलेला दोरा. त्याचा भक्कम पुरावा भगंदरासाठी आहे. १९९१ मध्ये छापलेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या चाचणीत क्षारसूत्रानंतर भगंदर परत होण्याचं प्रमाण ४ टक्के होतं आणि शस्त्रक्रियेनंतर ११. भरायला मात्र वेळ दुप्पट लागला, ४ च्या जागी ८ आठवडे. मूळव्याधीत दोऱ्याने कोंब बांधतात किंवा क्षार लावतात. त्याचा पुरावा भगंदराइतका मोठा नाही. करायचंच असेल तर शल्यतंत्रात एमएस झालेल्या वैद्यांकडे आणि तातडीची सोय असलेल्या रुग्णालयातच करा.

१८. ऑपरेशननंतर पहिला संडास, रजा, रक्त: काय धरून चालू?

भूल बहुधा कमरेतल्या इंजेक्शनची, मुक्काम एक दिवसाचा. पहिल्या रात्री लघवी अडते, विशेषतः पुरुषांची, आणि कधी नळी घालावी लागते. पहिला शौच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो आणि त्याचीच सगळ्यांना धास्ती. त्याच्या अर्धा तास आधी दुखण्याची गोळी, नंतर लगेच कोमट पाण्यात बसणं. भीतीने जेवण बंद करू नका. शौच कडक झाला की हाल दुप्पट.

कापायच्या ऑपरेशननंतर २ ते ३ आठवडे रजा धरा, जखम पूर्ण भरायला ४ ते ६ आठवडे. रिक्षा-ट्रक चालवणाऱ्यांनी आणि शेतात ओझं उचलणाऱ्यांनी जास्त धरावी. बँडनंतर बहुतेक जण दुसऱ्या दिवशी कामावर असतात. कापडावर डाग पडणं, पाण्यासारखा स्राव, हे चालतं. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास अचानक गुठळ्यांसकट रक्त आलं, चक्कर आली, तर ते थांबवायला परत ऑपरेशन थिएटरात न्यावं लागू शकतं. म्हणून या दोन आठवड्यांत लांबचा प्रवास ठरवू नका.

विम्याचं इथेच सांगतो: बऱ्याच पॉलिसींत मूळव्याध, फिशर, भगंदराला सुरुवातीची दोन वर्षं संरक्षण नसतं. तारीख ठरवण्याआधी पॉलिसीतलं ते पान उघडा. बँडिंग बाह्यरुग्ण विभागात झालं तर दावा नाकारला जाऊ शकतो. पण तेवढ्यासाठी मोठं ऑपरेशन करून घेणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

१९. काल जिममध्ये वजन उचललं, आज गुदद्वाराजवळ द्राक्षाएवढी निळी गोळी. बसवत नाही.

बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठलंय. पहिल्या ७२ तासांत सर्जनला गाठलं तर जागेवर भूल देऊन गोळी काढता येते आणि आराम झटकन पडतो. तीन दिवस उलटून गेले असतील तर दुखणं तसंही उतरणीला लागलेलं असतं. तेव्हा गोळ्या, कोमट पाणी, मऊ शौच. काही आठवड्यांत गोळी जिरते. घरी सुईने फोडू नका. याला बँड चालत नाही, कारण ही डेंटेट लाइनच्या खाली आहे.

२०. आठवा महिना चालू आहे. कोंब आलाय. बाळाला धोका?

बाळाला नाही. शेवटच्या तिमाहीत हे फार जणींना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं काही आठवड्यांत बसतं. इसबगोल, लॅक्ट्युलोज, कोमट पाणी, डाव्या कुशीवर झोपणं. एरंडेल नको. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होत असेल तर गोळी बदलून मागा, बंद करू नका. बँड आणि ऑपरेशन बाळंतपणानंतरवर टाकतात, फक्त प्रश्न १९ मधली गोळी असह्य असेल तर ती काढता येते.

२१. स्टेंट बसवलाय, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. बँड चालेल?

गोळ्या मनाने बंद करू नका. स्टेंट नवा असेल तर ते जिवावर बेतू शकतं. बँडचा कोंब आठवड्याने गळतो आणि खरं रक्त तेव्हाच येतं, म्हणून गोळी नुसती त्या दिवशी चुकवून काही साधत नाही. हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलून ठरवावं. तुम्ही दोघांच्या मधले निरोप्या होऊ नका, चिठ्ठी लिहून घ्या. अशा रुग्णांना स्क्लेरोथेरपी बऱ्याचदा सोयीची पडते.

२२. लिव्हर सिरॉसिस, एचआयव्ही किंवा क्रोन्स असेल तर?

तिन्हींत घाई नको. सिरॉसिसमध्ये गुदाशयातल्या शिरा फुगतात, त्या मूळव्याधीसारख्या दिसतात पण मूळव्याध नसतात. त्यांना साध्या कोंबासारखं कापलं तर रक्त आवरणं कठीण. एचआयव्हीत प्रतिकारशक्ती चांगली असेल तर उपचार नेहमीसारखे होतात. ती खालावलेली असेल तर बँडनंतरच्या संसर्गाची भीती जास्त. क्रोन्समध्ये, म्हणजे आतड्याला वारंवार सूज आणणाऱ्या आजारात, जखमा नीट भरत नाहीत, म्हणून कापणं शक्यतो टाळतात.

२३. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला रक्त पडतं. मूळव्याध?

लहान मुलांत मूळव्याध फार दुर्मिळ. दुखत नसेल आणि रक्त येत असेल तर आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, आधी शोधतात, तो दुर्बिणीने काढता येतो. दुखत असेल तर चीर. मोठ्यांचं मलम लावू नका, बालशल्यतज्ज्ञांना दाखवा.

२४. ऑपरेशन होऊन सहा महिने झाले, अजून हाताला काहीतरी लागतं. परत झाली का?

बहुधा कातडीची उरलेली घडी, तिला टॅग म्हणतात. रक्त नाही, दुखत नाही, कुंथल्यावर मोठी होत नाही, तर ती सोडून द्यावी. धुताना त्रास होत असेल तर जागेवर भूल देऊन कापतात. शौचाच्या वेळी बाहेर येऊन आत जाणारं काही असेल किंवा पुन्हा रक्त दिसत असेल तर प्रॉक्टोस्कोपी करून घ्या. त्याच वेळी शौच बारीक होतोय का आणि वायू किंवा पातळ शौच निसटतो का, हे न विचारताही सांगा. पहिलं गुदमार्ग आक्रसल्याचं लक्षण असू शकतं, दुसरं स्नायू दुखावल्याचं. आक्रसलेला मार्ग लवकर कळला तर पुष्कळदा नुसता सैल करून भागतं.